मुलाखत आणि लौकिक

अमका नट मोठा गर्विष्ठ आहे, अमकी गायिका स्वभावानें किती साधी आहे, अमक्या पुढाऱ्याला विनोदाचें अंग चांगलें आहे, अशीं मतें आपण दिवसांतून दहा वेळां ऐकतों आणि तितक्याच सहजपणें देतोंहि. हीं मतें कोणत्या पुराव्यावर उभारलीं आहेत असें कोणीं विचारलेंच, तर बहुधा एकच उत्तर मिळतें: "त्याची मुलाखत पाहिली ना!" ज्या मनुष्याशीं आपलें जन्मांत एक अक्षरहि बोलणें झालें नाहीं, ज्याच्या घरचा उंबरठा आपण ओलांडला नाहीं, ज्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना आपण ओळखत नाहीं, त्याच्या शीलाविषयीं आपण घटका अर्ध्या घटकेच्या चित्रावरून निकाल देऊन मोकळे होतों. वर्गांत नव्यानें आलेल्या सोबत्याविषयींसुद्धां इतक्या लवकर मत बनवूं नये असें आपणांस शिकविलें जातें. मग सातासमुद्रांपलीकडच्या मनुष्याविषयीं ही घाई कां?

ज्यांना इंग्रजी शब्दानेंच 'टॉक शो' म्हणण्याचा प्रघात पडला आहे, त्या कार्यक्रमांविषयीं मी बोलत आहें. दोन खुर्च्या, क्वचित् एक कोच, मध्यें मेज, एक हंसतमुख यजमान, एक प्रसिद्ध पाहुणा आणि समोर टाळ्या देणारे प्रेक्षक, एवढेंच त्यांचें साहित्य. अमेरिकेंत 'टुनाइट' या नांवाचा रात्रीचा कार्यक्रम १९५४ सालीं सुरू झाला. आपल्याकडे दूरदर्शनवर तबस्सुमबाईंनीं 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' हा कार्यक्रम १९७२ पासून १९९३ पर्यंत चालविला. करण जोहर यांचा 'कॉफी विथ करण' २००४ सालीं निघाला. देश निराळे, भाषा निराळ्या, पण घडण एकच. या खुर्चींत बसून जो लौकिक मिळतो किंवा जातो तो सर्वस्वी खोटा असतो, असें माझें म्हणणें नाहीं. तो पाहुणा, यजमान व प्रेक्षक अशा तिघांनीं मिळून घडविलेला असतो, आणि निवाडा करतांना मात्र आपण एकट्या पाहुण्याला पुढें उभें करतों, एवढाच माझा आक्षेप आहे.

पुष्कळांची अशी समजूत असते कीं, मुलाखत म्हणजे सहजगत्या चाललेल्या गप्पा. अमेरिकेंतील रात्रीच्या कार्यक्रमांची रीत ज्यांना ठाऊक आहे ते असें म्हणणार नाहींत. पाहुणा रंगमंचावर येण्यापूर्वींच कार्यक्रमाचे साहाय्यक त्याच्याशीं सविस्तर बोलतात, त्याच्या कोणत्या हकीकती हंसूं आणतील तें निवडतात आणि त्यांचीं टिपणें यजमानाच्या हातीं देतात. मग यजमान विचारतो, "काय हो, गेल्या महिन्यांत आपण मासे धरावयास गेलां होतां म्हणे?" हा प्रश्न अज्ञानांतून आलेला नसतो. पाहुणाहि बहुधा त्याच आठवड्यांत येतो, ज्या आठवड्यांत त्याचा बोलपट किंवा पुस्तक बाहेर पडावयाचें असतें. जॉनी कार्सन यांनीं 'टुनाइट'चें यजमानपद १९६२ पासून १९९२ पर्यंत, म्हणजे तीस वर्षें, संभाळलें. त्यांच्या काळीं एखाद्या नवख्या विनोदी नटाचें काम संपल्यावर कार्सननीं त्याला हातानें खूण करून शेजारच्या कोचावर बोलावलें, तर त्याचें दैव उघडलें असें त्या धंद्यांतले लोक समजत. एका मनुष्याच्या बोटाच्या खुणेवर दुसऱ्याचें आयुष्य असें फिरावें, यांत मला तरी थोडें भयच वाटतें. तथापि याला मी कपट म्हणणार नाहीं. हें एक नाटक आहे, आणि रंगभूमीवरचा राजा खरा राजा नव्हे म्हणून कोणी तिकिटाचे पैसे परत मागत नाहीं. समोर चाललें आहे तें नाटक आहे हें प्रेक्षकच विसरून जातात, तेथें घोटाळ्याला आरंभ होतो.

रिचर्ड निक्सन यांचें उदाहरण या बाबतींत फार बोधक आहे, कारण एकाच मनुष्याला या खुर्चीनें दोन टोकांचीं फळें दिलीं. १९६२ च्या नोव्हेंबरांत कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाची निवडणूक ते हरले आणि वृत्तपत्रकारांवर संतापून, आपली ही शेवटचीच भेट, असें सांगून निघून गेले. रागीट, चिडका, मनांत डूख धरणारा अशी त्यांची ख्याति झाली. पुढें चारच महिन्यांनीं, मार्च १९६३ मध्यें, ते जॅक पार यांच्या कार्यक्रमांत आले आणि स्वतः रचलेली एक धून त्यांनीं पियानोवर वाजवून दाखविली. लोक चकित झाले. पियानो वाजविणारा मनुष्य इतका वाईट कसा असेल, असा कांहींसा भाव त्या टाळ्यांत असला पाहिजे. १९६८ सालीं निक्सन राष्ट्राध्यक्षपदासाठीं निवडून आले. त्या विजयाचीं कारणें व्हिएतनामचें युद्ध, प्रतिपक्षांतील दुही अशीं कितीतरी मोठीं होतीं; पियानोनें अध्यक्ष केला असें कोणी शहाणा म्हणणार नाहीं. पण ज्या मनुष्याचा राजकीय अंत झाला असें सर्व म्हणत होते, त्याच्याकडे पुन्हां एकदां मृदु दृष्टीनें पाहण्याची वाट त्या चार मिनिटांनीं मोकळी केली, हें मात्र नाकारतां येणार नाहीं. पियानो चांगला वाजविल्यानें राज्यकारभार चांगला होतो काय, हा प्रश्न त्या रात्रीं कोणीं विचारला नाहीं.

त्याचा जबाब चौदा वर्षांनीं द्यावा लागला. वॉटरगेटच्या प्रकरणांत निक्सन यांना ९ ऑगस्ट १९७४ रोजीं पद सोडावें लागलें. महिन्याभरांतच नव्या अध्यक्षांनीं त्यांना क्षमा केली, त्यामुळें न्यायालयांत त्यांची चौकशी व्हावयाची ती राहूनच गेली. १९७७ सालीं डेव्हिड फ्रॉस्ट या इंग्रज मुलाखतकारानें त्यांना सहा लक्ष डॉलर व नफ्यांत वांटा देऊं करून बोलतें केलें. पैसे देऊन मुलाखत घेणें हें त्या देशांतील मोठ्या दूरचित्रवाणी कंपन्यांना रुचलें नाहीं. फ्रॉस्ट यांना भांडवल स्वतःच उभें करावें लागलें व निरनिराळ्या केंद्रांना कार्यक्रम विकावा लागला. पहिला भाग सुमारें साडेचार कोटि लोकांनीं पाहिला. पुन्हां पियानोसारखाच चमत्कार होईल अशी निक्सन यांची अपेक्षा असावी. झालें उलटें. अध्यक्षानें केलेलें कृत्य अध्यक्षानें केलें एवढ्यानेंच बेकायदेशीर ठरत नाहीं, अशा अर्थाचें विधान त्यांच्या तोंडून बाहेर पडलें, आणि अखेरीस आपण देशाला व मित्रांना तोंडघशीं पाडलें, ही कबुलीहि त्यांनीं दिली. न्यायालयांत जें झालें नाहीं तें खुर्चींत झालें. हा फरक कशानें पडला? फ्रॉस्ट यांच्या साहाय्यकांनीं कागदपत्रांचा महिनेंच्या महिने अभ्यास केला होता, आणि चित्रण झालें तें दहा मिनिटें नव्हे तर सुमारें अठ्ठावीस तास. ज्यांना मुलाखत ही वस्तुच त्याज्य वाटते त्यांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवावें. आणि ज्यांना दहा मिनिटें पुरेशीं वाटतात त्यांनीं तर विशेषच ठेवावें.

दहा मिनिटांचा महिमा पाहावयाचा असेल तर ह्यू ग्रँट या इंग्रज नटाकडे पाहावें. १९९५ च्या जून महिन्यांत लॉस एंजल्स शहरीं नीतीला न शोभणाऱ्या वर्तनाबद्दल पोलिसांनीं त्यांना पकडलें. त्यांचा नवा बोलपट १२ जुलैला निघावयाचा होता, आणि दोनच दिवस अगोदर, १० जुलैला, जे लेनो यांच्या कार्यक्रमांत त्यांचें येणें आधींच ठरलेलें होतें. ते आले. लेनो यांनीं, असें करतांना तुमचें डोकें होतें तरी कोठें, अशा थाटाचा पहिलाच प्रश्न टाकला. लोक खो खो हंसले. आणि ग्रँट यांनीं, बरें काय व वाईट काय हें मला कळतें आणि मीं केलें तें वाईटच केलें, अशा अर्थाची साधी कबुली दिली. सबब सांगितली नाहीं, दोष दुसऱ्यावर ढकलला नाहीं. त्यांची कारकीर्द वांचली, आणि लेनो यांचा कार्यक्रमहि प्रतिस्पर्ध्याच्या पुढें गेला. सरळ कबुली ही चांगलीच गोष्ट, तिला मी नांवें ठेवणार नाहीं. पण त्या सभागृहांत जी क्षमा झाली ती कोणीं कोणाला केली? ज्यांचा अपराध झाला होता ते तेथें नव्हते. ज्यांचें कांहींच बिघडलें नव्हतें अशा अपरिचित प्रेक्षकांनीं हंसून क्षमा करून टाकली. ग्रँट देखणे होते, लाजरे होते, वाणीनें मिठास होते. तोच अपराध एखाद्या तोतऱ्या, कुरूप, घाबरट मनुष्यानें त्याच शब्दांत कबूल केला असता, तर तें हास्य इतकें मायाळू झालें असतें काय?

यावर कोणी म्हणेल, हातच्या कांकणास आरसा कशाला? पूर्वीं वर्तमानपत्रवाले वाटेल तें छापीत. आतां निदान माणूस आपल्या डोळ्यांनीं दिसतो, त्याचा स्वर ऐकूं येतो, खरेंखोटें पारखतां येतें. या म्हणण्यांत तथ्य आहे. बी. बी. सी. वर १९५९ पासून १९६२ पर्यंत जॉन फ्रीमन यांनीं 'फेस टु फेस' नांवाचा कार्यक्रम केला. त्यांत यजमानाची बहुधा पाठच दिसे आणि पाहुण्याचा चेहरा मात्र अगदीं जवळून दाखवीत. हे फ्रीमनसाहेब पुढें १९६५ ते १९६८ या काळांत ब्रिटनचे हाय कमिशनर म्हणून दिल्लीस होते. त्यांच्यापुढें १९६० च्या सप्टेंबरांत गिल्बर्ट हार्डिंग बसले. हार्डिंग हे पूर्वीं कांहीं काळ शाळामास्तर होते. पुढें दूरचित्रवाणीवरील प्रश्नोत्तरांच्या खेळांत त्यांनीं नांव कमावलें, आणि तें नांव कसलें, तर इंग्लंडांतील सर्वांत उद्धट मनुष्य! लोक त्यांच्या उद्धटपणालाच टाळ्या देत, आणि तेहि लोकांची निराशा करीत नसत. मृत्यु प्रत्यक्ष समोर पाहण्याचा प्रसंग कधीं आला होता काय, अशा आशयाचा प्रश्न फ्रीमन यांनीं विचारला. हार्डिंग यांना आपल्या मातेच्या मरणाची आठवण झाली. कंठ दाटून आला, डोळे भरले, आणि कॅमेरा तर चेहऱ्यावरून हलावयास तयार नव्हता. साऱ्या देशानें तें पाहिलें. उद्धट मनुष्याच्या आंत एक दुःखी, एकाकी जीव आहे हें त्या रात्रीं कळलें. दोनच महिन्यांनीं, १६ नोव्हेंबर १९६० रोजीं, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं ते वारले. फ्रीमन यांनीं पुढें त्या प्रश्नाबद्दल जाहीरपणें खेद व्यक्त केला.

तेव्हां डोळ्यांना सत्य दिसतें, हें कबूल. पण हें सत्य पाहण्याचा आपला अधिकार कोणता, हें मला अजून उमगलेलें नाहीं. त्याहून विचार करण्यासारखी गोष्ट अशी कीं, ज्या उद्धटपणाचा मुखवटा हार्डिंग यांनीं वर्षानुवर्षें वागविला तोहि दूरचित्रवाणीनेंच त्यांना चढविला होता. एका कार्यक्रमानें मुखवटा चढवावा, दुसऱ्यानें तो ओरबाडावा, आणि दोन्ही वेळीं प्रेक्षकांनीं घरबसल्या करमणूक करून घ्यावी! खालच्या माणसाला श्वास घ्यावयास सवड तरी केव्हां मिळावी?

कांहीं वेळां मात्र काळ पारडें फिरवितो. १९७५ सालीं मायकेल पार्किन्सन या नामांकित यजमानापुढें हेलन मिरेन ही शेक्सपियरचीं नाटकें करणारी तरुण नटी आली. पार्किन्सन यांनीं तिच्या अभिनयाविषयीं विचारण्याऐवजीं, शरीराच्या सौष्ठवामुळें गंभीर नटी म्हणून मान्यता मिळण्यास अडचण पडते काय, अशा वळणाचा प्रश्न आडपडद्यानें विचारला. मिरेनबाईंनीं आडपडदा ठेवला नाहीं. आपणांस नेमकें काय म्हणावयाचें आहे तें स्पष्ट बोला, असें त्यांनीं त्यांना तिथल्या तिथें सुनावलें. त्या काळीं पुष्कळांना हा प्रश्न म्हणजे निरुपद्रवी थट्टा वाटली असेल. आज तेंच चित्रण पाहणारे लोक मिरेनबाईंची परीक्षा करीत नाहींत, पार्किन्सन यांची करतात. २००७ सालीं मिरेनबाईंना ऑस्कर मिळालें त्याच्याहि आधींपासून त्यांची योग्यता तीच होती. बदलली ती पाहणाराची नजर. यजमानालाहि कधींतरी आरोपीच्या जागीं बसावें लागतें, याचें हें एक दुर्मिळ उदाहरण.

खुर्ची आपणांस दिसते, पण पाहुणा त्या खुर्चीपर्यंत कोणत्या दारानें आला तें दिसत नाहीं. राजकुमारी डायना यांनीं २० नोव्हेंबर १९९५ रोजीं बी. बी. सी. वर मार्टिन बशीर यांना दिलेली मुलाखत सव्वादोन कोटींहून अधिक लोकांनीं पाहिली. कोणीं त्यांना धीट म्हटलें, कोणीं अविचारी म्हटलें, कोणीं नाटकी म्हटलें. ज्याच्या त्याच्या तोंडीं त्यांच्या स्वभावाचें निदान होतें. पंचवीस वर्षें उलटल्यावर, मे २०२१ मध्यें, लॉर्ड डायसन यांच्या चौकशींत असें निष्पन्न झालें कीं, त्यांच्या भावाला बनावट बँक-कागद दाखवून बशीर यांनीं त्यांच्यापर्यंत प्रवेश मिळविला होता. पुढें त्या संस्थेनें ती मुलाखत पुन्हां दाखविणार नाहीं असें जाहीर केलें. पण तोंवर ज्यांनीं निदान केलें होतें त्यांचीं निदानें कोण परत घेणार? आणि जिच्याविषयीं तीं केलीं ती तर १९९७ सालींच हें जग सोडून गेली होती.

आतां आपल्या घरची गोष्ट. जानेवारी १९१९ नव्हे, २०१९ ची म्हणून मुद्दाम सांगतों, कारण इतक्या थोड्या काळांत ती पुष्कळांच्या विस्मरणांत गेली आहे. हार्दिक पंड्या व के. एल. राहुल हे दोघे तरुण क्रिकेटपटु करण जोहर यांच्या कार्यक्रमांत गेले. तेथें पंड्या यांनीं स्त्रियांविषयीं जें हलकें बोलणें केलें त्यानें देशभर संताप उसळला. क्रिकेट मंडळानें दोघांना ऑस्ट्रेलियांतून परत बोलावलें, कांहीं दिवस खेळण्यास मनाई केली, आणि एप्रिलमध्यें मंडळाच्या लोकपालांनीं प्रत्येकीं वीस लक्ष रुपयांचा दंड ठरविला. त्यांतील अर्धी रक्कम कर्तव्य करतांना मरण पावलेल्या जवानांच्या कुटुंबांना व अर्धी अंध खेळाडूंच्या क्रिकेटसाठीं जावयाची होती. बोलणें निंद्य होतें, पंड्या यांनीं क्षमाहि मागितली. शिक्षेविषयीं माझी तक्रार नाहीं. परंतु हा कार्यक्रम जसा घडला तसाच तत्काळ दाखविला गेला नव्हता. तो आधीं चित्रित झाला, कापून जोडून नीट केला गेला, आणि मग घरोघर पोंचला. तें वाक्य ऐकून कोणी हंसलें, कोणी तें ठेवण्यासारखें आहे असें ठरविलें, कोणी त्याची जाहिरात केली. जोहर यांनीं पुढें आपणांस जबाबदारी वाटते असें बोलून दाखविलें, हें त्यांना शोभण्यासारखेंच झालें. मंडळाचा अधिकार खेळाडूंपुरता, म्हणून दंडहि खेळाडूंनाच. पण लोकांच्या मनाला तर अशी कांहीं मर्यादा नव्हती! लोकांनींहि दोष दोघांच्याच पदरीं टाकला, आणि त्यांतहि फार थोडें बोललेल्या राहुल यांना जवळजवळ तितकाच. चांगल्या मनुष्यानें वाईट संगतींत तोंड मिटून बसणें यांतहि दोष असतो खरा; तरी दोघांचें माप एकच व्हावें काय?

याच्या अगदीं उलट जातीचा प्रसंग २१ फेब्रुवारी २०१८ रोजीं पुण्यास झाला. राज ठाकरे यांनीं शरद पवार यांची जाहीर मुलाखत घेतली. मुलाखत घेणारा स्वतःच पुढारी, देणारा त्याहून मुरलेला पुढारी. दोघांपैकीं यजमान कोण व पाहुणा कोण हेंच कधीं कधीं कळेना. राज कीं उद्धव, असा पेंच टाकला गेला तेव्हां पवार यांनीं ठाकरे कुटुंबाचें नांव घेऊन त्यांतून अंग काढून घेतलें. चातुर्याची परीक्षा म्हटली तर उत्तर उत्कृष्ट. मताची परीक्षा म्हटली तर हातीं काय लागलें? आणि तरीहि श्रोते प्रसन्न होऊन घरीं गेले असतील, कारण आपण चातुर्य पाहावयास येतों आणि मत पाहिलें असें समजून परततों.

या साऱ्यांत अन्याय होतो तो मुखदुर्बळ माणसांवर. ज्याला पटकन् उत्तर सुचत नाहीं, ज्याचें हंसूं ओठांवर येण्यास वेळ लागतो, जो उत्तर देण्यापूर्वीं विचार करतो, तो त्या खुर्चींत मंद किंवा मानी दिसतो. शास्त्रज्ञ, वैद्य, शिक्षक, मोठे लेखक यांच्यांत असे पुष्कळ असतात. खुर्ची ज्या गुणाची परीक्षा घेते तो गुण म्हणजे खुर्चींत शोभून बसणें. त्या गुणाला सौजन्य किंवा विद्वत्ता हें नांव देऊन आपण एका प्रकारच्या माणसांनाच मोठें करीत आहोंत. आणि हल्लीं तर सबंध मुलाखत पाहण्याचेंहि कष्ट कोणी घेत नाहीं. अर्ध्या मिनिटाचा तुकडा हातांतल्या दूरध्वनीवर येतो. त्यांत प्रश्न कापलेला असतो, मागचेंपुढचें बोलणें गळलेलें असतें, उरते ती एक भुंवई वर गेलेली मुद्रा. तिच्यावर हजारों लोक अभिप्राय लिहितात. वर्गांत एखाद्या शिक्षकाच्या लकबीची नक्कल करून सारा वर्ग हंसवावा आणि त्या नकलेलाच शिक्षक समजावें, तसा हा प्रकार आहे.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यांतील कांहीं जणांना वार्षिकांच्या अंकासाठीं कोणा पाहुण्याची किंवा जुन्या विद्यार्थ्याची मुलाखत घेण्याचें काम सोंपविलें जाईल. त्या वेळीं त्यानें लिहिलेलें, केलेलें असेल तें आधीं वाचून जा. उत्तराबरोबर तुमचा प्रश्नहि तुम्ही विचारला त्याच शब्दांत छापा, म्हणजे वाचकाला दोघांचें वजन करतां येईल. बोलतां बोलतां त्याच्या डोळ्यांत पाणी आलें तर तें छापावें कीं नाहीं, हें त्यालाच विचारा. आणि कच्चा मजकूर छापखान्याकडे देण्यापूर्वीं त्याच्या घरीं नेऊन एकदां त्याला वाचून दाखवा. तो एखादें वाक्य काढावयास सांगेल, तुम्हांला तेंच वाक्य सर्वांत चुरचुरीत वाटत असेल, तरी तें काढा.